माझ्या तोंडची कीव

प्रिय ठमे,

हे पत्र मी इस्पितळाच्या बाकावर बसून, तपासणीच्या अर्जांच्या कोऱ्या पाठीवर लिहितोय. मधूनमधून दुभाष्याला हाक येते, उठावं लागतं. खरं तर हाक आली नाही तरी मी उठतोच, येरझाऱ्या घालतो. घरीही तेच. तुझी आई म्हणते, फरशी झिजली तर घरमालक आपल्यालाच विचारेल. तू घर सोडून गेलीस त्याला या शुक्रवारी सहा आठवडे होतील, आणि त्याच दिवशी तुझं लग्न आहे हेही मला तिच्याकडूनच कळलं. मला बोलावणं नाही. त्याबद्दल तक्रारही नाही.

तुझा सुतार पहिल्यांदा घरी आला ती दुपार मला पाठ झाली आहे. त्याचा डावा हात मनगटापाशी संपतो हे तू आधीच सांगितलं होतंस, तरी माझी नजर सारखी तिथेच. मी न विचारता त्याच्या ताटातले घास मोडून ठेवले. पाण्याचा पेला उचलून त्याच्या तोंडाशी नेला. जो माणूस दिवसभर करवत चालवतो, त्याच्या! कपाटाचं लोंबणारं दार बघून त्याने खिशातून पेचकस काढला, तर मी म्हणालो, राहू दे रे, तुला कशाला त्रास. तो हसला आणि पेचकस परत खिशात ठेवला. तो गेल्यावर तुला म्हणालो, दया येते म्हणून कुणी लग्न करतं का? तू बॅग भरलीस.

माझं चुकलं असं मला वाटतच नव्हतं. रोज सकाळी हात जोडून मी देवाकडे दयाच तर मागतो. जे स्वतः मागतो ते दुसऱ्याला दिलं तर त्यात अपमान कसला? गावच्या शाळेत गुरुजींनी दया, करुणा, कणव, कीव हे शब्द एका ओळीत लिहून दिले होते. मी ते एका दमात घोकले आणि पैकीच्या पैकी गुण मिळवले.

परवा इथे एक मावशी आल्या. आपल्याच भाषेच्या, एकट्या राहणाऱ्या. साखरेमुळे पायाची दोन बोटं काळी पडलेली, ती काढायची होती. डॉक्टर तरुण आणि हळवा. तो त्याच्या भाषेतला एक शब्द बोलला. त्यांच्याकडे त्या एकाच शब्दात दयाही मावते, कणवही आणि कीवही. यातलं कुठलं, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखायचं. मी चेहरा पाहिलाच नाही. आम्हा दुभाष्यांचा नियम तुला ठाऊक आहे: पदरचं काही घालायचं नाही, जो बोलेल त्याचा 'मी' होऊन बोलायचं. मी म्हणालो, मला तुमची कीव येते.

मावशींनी पाय मागे ओढला. म्हणाल्या, त्याला सांग, कीव घरी ठेव आणि सुरी धारेची आण, नाहीतर ही मी चालले, आहेत त्या बोटांनी. आता हेही मला 'मी' म्हणूनच सांगायचं होतं. मला तुमची कीव नको, असं मी मोठ्याने म्हणालो, आणि ठमे, पेचकस खिशात ठेवणारा तुझा सुतार डोळ्यांपुढे उभा राहिला. तो हसला होता तो हेच वाक्य गिळण्यासाठी.

मी नियम मोडला. दोघांनाही सांगितलं की तो शब्द माझा होता, डॉक्टरांचा नव्हे. मावशींनी मला नीट न्याहाळलं. म्हणाल्या, मग तुझ्याच पोटात काहीतरी सडतंय बाबा, ते आधी काढून घे. आणि ऑपरेशनच्या संमतीवर सही केली.

तेव्हापासून तर जास्तच बसवत नाही. देवाकडे दया मागून उठलो की मी कामाला लागतो. तो माझ्या हातातलं काम काढून घेत नाही. मी तुझ्या सुताराच्या हातातलं काढून घेतलं.

आता ज्यासाठी लिहायला घेतलं ते. कपाटाचं दार अजून तसंच लोंबतंय. मी दोनदा खटपट केली, बिजागरी उलटी बसली. आई दुसऱ्या कुणाला बोलवत होती, मी बोलवू दिलं नाही. शुक्रवारी मला बोलाव किंवा नको बोलावूस, पण त्याला एवढं विचार, दार बसवायला येशील का? माझ्याने ते होत नाही. त्याने सांगितलं तर दार धरून उभा राहीन. नाही सांगितलं तर खुर्चीत बसून राहीन. तसं बसायची सवय करतोय.

तुझाच,
बाबा