शेवटचा फर्मा

कार्डिफ
१५ मार्च १९९२

तीर्थस्वरूप हरीशमामांस,
सुलक्षणाचा शि. सा. नमस्कार, तोही लांबूनच, कारण घरात कांजिण्या आहेत.

शिल्पाने त्या शाळेतून आणल्या आणि मला दिल्या. एरवी तिच्याकडून साधं खोडरबर मागून घ्यावं लागतं, पण हे मात्र न मागता मिळालं. जयंतला लहानपणीच येऊन गेल्यात, त्यामुळे तो ऐटीत कामाला जातो. मला मात्र खपल्या वाळेपर्यंत हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पाऊल टाकायला बंदी आहे. चाळिशीला टेकलेली बाई अंगभर गुलाबी लोशन फासून खिडकीत बसते, ते शेजारी रोज बघतात. काल इलेक्शनची मतं मागायला एक बाई आल्या होत्या. मी दार उघडलं, त्यांनी माझं तोंड पाहिलं आणि पत्रक पायपुसण्यावर ठेवून त्या सरळ फाटकाबाहेर गेल्या.

तुमचं पत्र वाचून मात्र हसू आलं नाही. पाडव्याच्या कार्यक्रमात आपल्या मराठी मंडळाचं ग्रंथालय बंद झाल्याचं जाहीर करणार आणि पुस्तकं कौन्सिलच्या रद्दीत देणार, असं तुम्ही सरळ लिहून टाकलंत. कोणी पुस्तक नेत नाही आणि नेलेलं आणून देत नाही, असं तुम्ही म्हणता. यातलं दुसरं वाक्य माझ्यासाठी आहे, ते कळलं. पण खरं कारण ते नव्हे. वैजूमामी गेल्यापासून तुम्ही घरातल्या त्या मागच्या खोलीत, ग्रंथालयाच्या कपाटांकडे, जात नाही, हे खरं कारण आहे. तिथली सगळी कपाटं तुम्ही दोघांनी मिळून भरलीत, आता एकट्याने उघडवत नाहीत. लहान तोंडी मोठा घास घेतला, रागावू नका.

माझ्याकडची पुस्तकांची पिशवी पाडव्यापर्यंत परत देते. शिल्पा रांगत होती तेव्हा आणलेली पुस्तकं आहेत ही, आणि एकही वाचलेलं नाही. तशीच परत केली तर मामीला काय वाटेल? म्हणून या कोंडवाड्यात सगळी वाचून काढायची ठरवलंय. सुरुवात कुठून करू ते कळवा.

जयंतचा नमस्कार. खाली शिल्पाला दोन ओळी लिहायच्या आहेत.
तुमची,
सुलक्षणा

मामाआजोबा, मला खूप स्पॉट्स आहे. आईला माझ्यापेक्षा जास्त आहे. मी काउंट केला. शिल्पा.


ईलिंग
१८ मार्च १९९२

चि. सौ. सुलक्षणा हीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद, आणि खाजवू नकोस ही सूचना.

ग्रंथालयाचा विषय माझ्यापुरता संपला आहे. उगाच खाजवून खरूज काढू नये, आणि तुझ्या सध्याच्या अवस्थेत तर मुळीच नाही. शिल्पाला म्हणावं, तिचा हिशेब पाहून आनंद झाला. या घराण्यात आकड्यांची बाजू कच्ची होती.

सुरुवात निळ्या कापडी बांधणीच्या जाड कादंबरीने कर. बंदरावरच्या गावातल्या मास्तरांची गोष्ट आहे. चौऱ्याऐंशी साली माझ्या डोळ्याचा पडदा सुटला आणि ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून मला घरी पाठवलं, ते तुला आठवत असेल. दिवसभर नुसतं पडून राहायचं. पुन्हा दिसेल की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगत नव्हतं. मी तोंडाने विनोद करत होतो, पण आतून पार घाबरलो होतो. तेव्हा वैजूने हे पुस्तक मला सबंध वाचून दाखवलं. माझ्या पुण्याच्या मित्राने, शशीने, त्याची फार तारीफ केली होती, म्हणून मी हट्टच धरला. वैजू म्हणत होती की काहीतरी हलकंफुलकं घेऊ, शिकारीच्या गोष्टी घेऊ, प्रवासवर्णन घेऊ. मी ऐकलं नाही.

शेवट मी सांगत नाही. एवढंच लिहितो की तो ऐकताना पट्टीखालून पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला आलेल्या नर्सबाई मला रागावल्या. पुढे डोळे सुधारले, पण ते पुस्तक मी पुन्हा उघडलं नाही. वैजूच्या आवाजात ऐकलेलं आपण मनात वाचण्यात काय मजा?

वाचून झाल्यावर पुस्तकांना दोन दिवस ऊन दाखव, म्हणजे तुमच्या कांजिण्या इकडे यायच्या नाहीत. कार्डिफला ऊन पडतं असं ऐकून आहे.
लोभ आहे, तो पुस्तकं आल्यावर वाढेल.
तुझा,
मामा


कार्डिफ
२४ मार्च १९९२

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. नमस्कार. खपल्या धरल्या आहेत. कपाळावर एक मधोमध आली आहे, कुंकवाचा प्रश्न मिटला.

वाचनाचा सपाटा लावलाय. वर्षानुवर्षं आपल्याला वेळ नाही म्हणून गळा काढत होते. आता कळतंय की वेळ होता, फक्त कोणी घरात कोंडून घालायला हवं होतं. शिकारकथा संपल्या. एक रहस्यकथा हातात घेतली, तर पहिल्याच पानावर कुणा सज्जनाने पेन्सिलीने लिहून ठेवलंय की खून कंपाउंडरने केला. तरी नेटाने वाचली. खून कंपाउंडरनेच केला होता.

मग तुमची निळी कादंबरी धरली आणि जेवणखाण विसरले. जयंतने तीन दिवस टोस्ट आणि बीन्स खाल्ले, पण तक्रार केली नाही. मास्तर नवरा-बायकोच्या भांडणावरून आफ्रिकेला निघतात, बंदरात आगबोट उभी राहते, बायको त्यांना थांब म्हणत नाही. मी श्वास रोखून पान उलटलं, तर मागचंच पान पुन्हा पुढे आलं. मामा, शेवटचा फर्मा, म्हणजे शेवटच्या सोळा पानांचा गठ्ठाच नाही. बाइंडरने आधीची सोळा पानं दुसऱ्यांदा शिवली आहेत आणि मग एकदम पुठ्ठा.

आता आठवतं, हे पुस्तक मी पिशवीत टाकलं तेव्हा मामी ते काढून घेत होती, म्हणत होती की हे नको नेऊस, दुसरं घे. मीच जाड बघून हट्टाने आणलं. हट्ट आपल्या घराण्यातच आहे. आता कृपा करून शेवट कळवा. मास्तर जातात की राहतात? इकडे माझी झोप उडाली आहे.
उत्तराची वाट बघणारी,
सुलक्षणा


ईलिंग
२७ मार्च १९९२

चि. सौ. सुलक्षणा हीस,
अनेक आशीर्वाद. कोणीतरी पानं फाडून नेली असणार. अशाच लोकांमुळे ग्रंथालयं बंद पडतात.

शेवट असा आहे. मास्तर पडावात, म्हणजे होडीत बसून आगबोटीकडे निघतात. गावाकडे एकदा शेवटचं बघून घ्यावं म्हणून खिशात हात घालतात, तर चष्मा नाही. किनारा सगळा पुसट. त्यात आपलं घर कोणतं तेही ओळखू येईना. ते नावाड्याला पडाव वळवायला लावतात. घरी बायको तांदूळ निवडत बसलेली असते. मास्तर कोनाडे शोधतात, उशा उलट्या करतात, तिच्यावरही ओरडून घेतात. ती खाली मान घालून खडे काढत राहते. तिकडे आगबोट भोंगा देऊन निघून जाते. संध्याकाळी ती तांदळाच्या डब्यात हात घालते आणि चष्मा वर येतो. मास्तर तो डोळ्यांवर चढवतात. ती दोघांचा भात टाकते. तिथे पुस्तक संपतं.

ऐकल्यावर मी वैजूला म्हटलं होतं की हे एवढं पुन्हा वाच. तिने साफ नकार दिला, म्हणाली की वाचलेलं परत वाचायला मी काय रेडिओवरची बाई आहे? एवढे दिवस तासन्‌तास वाचणारी बाई त्या दिवशी दोन पानांना का कंटाळली, कोण जाणे.

पुस्तकं पाडव्याच्या आत येतील असं बघ. सभेत बोलायचं भाषणही मी तयार केलं आहे. ते लहान आहे.
तुझा,
मामा


ईलिंग
३१ मार्च १९९२

चि. सुलक्षणाला मिरियममावशीचा शालोम आणि आशीर्वाद.

त्या निळ्या पुस्तकाच्या शेवटाबद्दल तू फोनवर विचारलंस त्याचं उत्तर लिहूनच देते, कारण आमचे यजमान हाईमसाहेब फोनजवळच बसतात आणि त्यांच्या पोटात काही राहत नाही. तुझ्या मामाशी तर त्यांची रोजची ऊठबस.

ते पुस्तक मी हरीशच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आधीच वैजूकडून नेऊन वाचलेलं. भायखळ्याहून इथे आल्यापासून मराठी वाचायला मिळालं की मी सोडत नसे. शेवट नाही बघून मी वैजूवर जाम भडकले. तिने पुण्याला प्रकाशकाला पत्र टाकलं, त्याचं काही उत्तर आलं नाही. मग पुन्हा कोणी फसू नये म्हणून तिने ते मागच्या रांगेत लपवलं.

पुढे हरीशचं ऑपरेशन झालं. एक दिवस ती मला बस-स्टॉपवर भेटली आणि म्हणाली की यांना नेमकं तेच पुस्तक हवंय. मी म्हटलं की मग सरळ सांग, त्याला शेवट नाही. त्यावर ती म्हणाली की डोळे परत येतात की नाही या धास्तीत पडलेल्या माणसाला मी अर्धीच गोष्ट कशी सांगू? नंतर मी विचारलं की काय केलंस, तर ती हसली आणि एवढंच म्हणाली की जमलं. मी पुढे विचारलं नाही. त्याचं आज वाईट वाटतंय.

हे तूच त्याला सांग. मी सांगायला गेले तर मला रडू येईल.
तुझी,
मिरियममावशी


कार्डिफ
१ एप्रिल १९९२

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. नमस्कार. आजची तारीख बघून शंका घेऊ नका. मी थट्टा करत नाही.

पानं कोणीही फाडलेली नाहीत. शिलाई जशीच्या तशी आहे. या पुस्तकात तो शेवट कधी नव्हताच. मिरियममावशीने ते तुमच्या ऑपरेशनच्या आधी वाचलं, तेव्हाही नव्हता. तिचं पत्र सोबत ठेवलंय, ते आधी वाचा.

मामा, तो शेवट मामीचा आहे. तिने तुमच्यासाठी केला. तुमचं पत्र वाचतानाच मला शंका आली होती. ज्या लेखकाने अख्ख्या कादंबरीत कोणाला हसू दिलं नाही, की कोणाला पोटभर जेवू दिलं नाही, त्याला एकाएकी तांदळाचा डबा कसा सुचेल? पासपोर्ट, लॉकरची किल्ली, माझी सोन्याची कुडी, सगळं तांदळाच्या डब्यात ठेवणारी बाई मी तरी एकच पाहिली आहे. आणि घरातून निघालं की चष्म्यासाठी अर्ध्या वाटेवरून परत येणारे गृहस्थही एकच.

हे कळवू की नको, असं वाटत होतं. तुमच्याकडून काही काढून घेतेय असं वाटू नये. मला तर वाटतं की मामीची एक वस्तू सापडली, ती तुमच्याकडे पाठवतेय. पुस्तकं रद्दीत देण्यापूर्वी एवढं तुम्हाला माहीत असायला हवं. पुढे तुमची मर्जी.
तुमची,
सुलक्षणा


ईलिंग
६ एप्रिल १९९२

चि. सौ. सुलक्षणा हीस,
आशीर्वाद. या वेळी नेहमीपेक्षा जास्त.

दोन्ही पत्रं वाचली आणि मागच्या खोलीत जाऊन बसलो. दार कुरकुरतं, तेल घालायला झालंय. डोळ्यांवर पट्टी असली की कान तल्लख होतात. त्या दिवशी शेवट ऐकताना पान उलटल्याचा आवाज एकदाही आला नव्हता, हे मला आता आठवतंय. तेव्हा वाटलं की वैजू अगदी रंगून वाचते आहे. त्या आठवड्यात ती स्वयंपाकघरात स्वतःशीच पुटपुटायची. माझं पथ्य आठवत असेल, असं मी धरून चाललो होतो. मला फार रडू आलं गं. आणि मध्येच हसूही येत होतं, कारण मास्तर बायकोवर ओरडतात तिथे तिने माझा आवाज हुबेहूब काढला होता आणि मी तिला शाबासकी दिली होती.

पाडव्याच्या सभेत भाषणाचा कागद काढला, पण वाचला नाही. हीच हकीकत सांगितली. श्रीखंड वाढायचं राहिलं, तरी कोणी उठलं नाही. त्यानंतर बरीच मंडळी माझ्याबरोबर घरी आली आणि मागच्या खोलीत उभ्याने पुस्तकं चाळू लागली. शेवट आहे ना, हे आधी बघून मगच नेत होती. मिरियमने परस्पर जाहीर करून टाकलं की महिन्याच्या पहिल्या रविवारी ग्रंथालय उघडं राहील आणि चहा हरीश करेल. मला कोणी विचारलं नाही. रद्दीचा बेत रद्द.

शशीचा पुण्याहून फोन आला होता, त्यालाही हे सगळं सांगितलं. त्याच्याकडे धड प्रत आहे, पाठवू का म्हणाला. मी नको म्हटलं. माझ्यापुरती ती कादंबरी पुरी झाली आहे. माझं सत्तावीस मार्चचं पत्र मात्र सांभाळून ठेव. त्यातला शेवट मिरियम चांगल्या अक्षरात उतरवून देणार आहे, तो पुठ्ठ्याच्या आत चिकटवायचा. पुस्तकं पोस्टाने पाठवू नकोस. खपल्या पडल्या की न्यायला मीच येतो.
तुझा,
मामा


कार्डिफ
१० मे १९९२

तीर्थस्वरूप मामांस,
शि. सा. नमस्कार, आता जवळून केला तरी चालेल असा.

तुम्ही येऊन गेलात आणि घर सुनं झालं. जयंत म्हणतो की मामांसारखे पोहे मला जमत नाहीत. तुम्ही पिशवी नेलीत आणि तिच्या बदल्यात दुसरी भरून ठेवून गेलात, हे तुमची ट्रेन सुटल्यावर कळलं. या वेळी कांजिण्यांची वाट बघणार नाही, एक पुस्तक निम्मं झालंसुद्धा.

एक गोष्ट कळवायची राहिली. तुमचा वाचायचा चष्मा इथेच राहिला आहे. पोस्टाने पाठवणार होते, पण तो कुठे आहे ते फक्त शिल्पाला ठाऊक आहे आणि ती काही केल्या सांगत नाही. म्हणते की मामाआजोबांनी स्वतः येऊन शोधायचा. कालपासून ती मला तांदळाच्या डब्याला हात लावू देत नाही, आम्ही नुसत्या पोळ्या खातो आहोत.

भात खावासा वाटतोय. लवकर या.
तुमची,
सुलक्षणा