कवडी अडकलेलं मशीन

प्रिय जाई,

मशीन सुरू झालं. हे आधीच सांगून टाकते, कारण परवा फोनवर तू तेवढंच विचारलंस आणि मी तोंड उघडायच्या आत 'आई, आता पुरे झालं, खोल्या बंद कर आणि पुण्याला ये' म्हणून मोकळी झालीस. मागून उत्कर्षरावांचा आवाज आला आणि फोन ठेवलास. फोनवर माझं पुरतं ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. कागद मध्ये तोंड घालत नाही, म्हणून आज पेन घेऊन बसले आहे.

तर ऐक. नवरात्र तोंडावर आलेलं. खालच्या खोल्यांत भाड्यानं उतरलेली माणसं दर्शन करून गेली आणि चादरी-अभ्र्यांचा हा ढीग पडला. आपल्या चादरी तुला ठाऊकच आहेत, तुळजापुरात झोपून गेलेला प्रत्येक जण हळदीकुंकवाची निशाणी ठेवून जातो. सगळं मशीनमध्ये कोंबलं आणि ते निम्म्यात रुसून बसलं. काचेच्या दारामागं लालभडक पाणी तसंच तुंबलेलं, आतून नुसती घरघर. पाणी सोडत नाही आणि पाणी गेल्याशिवाय दारही उघडू देत नाही. सोलापूरच्या मेकॅनिकला फोन लावला, तर तो तिथूनच म्हणाला, पंप गेला असेल, सणाची गर्दी आहे, आठवड्याभरानं बघू. मशीन न बघताच पंप गेला म्हणणारा मोठा धन्वंतरीच म्हणायचा!

आणि नेमके तेव्हाच उमाशंकर भाऊजी उगवले. तुझे बाबा गेल्यापासून तुझ्या काकांना आपल्या खालच्या मजल्याची फार काळजी लागून राहिली आहे. ओल्या फरशीकडं बघून हळहळले आणि म्हणाले, "वहिनी, हे एकट्या बाईचं काम न्हाय. राघवेंद्र होता तवर ठीक होतं. रविवारी येतो, किल्ल्या माझ्याकडं द्या अन् तुम्ही जाईकडं निवांत जावा. तिचं अन् माझं बोलणं झालंय." तुझं बोलणं झालंय, हे मला त्यांच्याकडून कळलं. म्हणजे माझं काय करायचं ते एकजण इथं ठरवतो, एकजण तिथं ठरवते आणि मी मात्र रविवारी पिशवी भरून तयार राहायचं. मी त्यांना चहा दिला. साखर घातली नाही.

ते गेले आणि मी पदर खोचला. रागात माझं डोकं भलतं चांगलं चालतं, असं तुझे बाबा म्हणायचे. आधी प्लग काढला. मागची नळी बघितली, मुरगळली नव्हती, मोरीतलं तोंडही मोकळं होतं. मग खाली कोपऱ्यातलं ते छोटं झाकण उघडलं. त्याच्या आत फिरवून काढायचं एक बूच असतं, त्यात केरकचरा अडकतो. इतकी वर्षं मशीन वापरलं पण ते बूच कधी काढलं नव्हतं. आपल्या बोअरच्या पाण्याचा क्षार बसून ते दगड झालेलं. कापड गुंडाळून पकडीनं हिसका दिला, तसं लाल पाणी भसाभस बाहेर. बादली तिथं मावत नाही, म्हणून पोळ्यांची परात लावली. परात भरली की बूच आवळायचं, परात ओतायची, परत सोडायचं. बघणाऱ्याला वाटलं असतं, घरात बोकड कापलाय.

मशीन आणलं तेव्हा किती नावं ठेवली होती लोकांनी, तुला आठवतं का? पुजाऱ्याच्या घरात धुवायचं यंत्र, आता सोवळं बुडालं म्हणे. माझे हात सोड्यानं फाटलेले होते ते कुणाला दिसले नाहीत, तुझ्या बाबांना दिसले. त्यांनी मशीनला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि जाहीर केलं, "आता सोवळं हेच सांभाळंल." तू त्या रिकाम्या खोक्यात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला भुंकत होतीस. कसलं तोंड होतं तुझं! गुटखा खाऊन जिन्यात थुंकणाऱ्या एका पैलवानाला तू फडकं हातात देऊन पुसायला लावलं होतंस. तो मुकाट्यानं पुसत होता आणि तू वर उभी राहून 'कोपऱ्यात राहिलंय' म्हणत होतीस.

असो. बुचात निघाला हळदीचा लगदा, केस आणि दोऱ्याचा एक तुकडा. ते धुऊन लावलं तरी घरघर तीच. मग मोबाईलची बॅटरी लावून आत बघितलं, तर चिमुकल्या पंख्याच्या पात्यात पांढरं काहीतरी रुतून बसलेलं. बोट पोचेना, चिमटा पोचेना. शेवटी देवघरातली पळी आणली. तिच्या दांड्याच्या टोकाला नागाची फणी आहे ना, ती आत घातली आणि ओढलं. कवडी निघाली! देवीच्या माळेची. पंप गेलाबिला काही नव्हता. भाऊजींना पळीचं कळलं तर ते प्रायश्चित्त सांगतील. सांगू देत. बाकीच्या कवड्या चादरींच्या घड्यांतून एकेक गळाल्या.

माळ ढोकीच्या सत्यभामाबाईंची. दर पौर्णिमेला येतात त्या. कवड्यांची माळ जमिनीवर ठेवायची नाही, म्हणून आंघोळीला जाताना त्यांनी ती उशीच्या अभ्र्यात सरकवली आणि विसरल्या. मी अभ्रा न झटकता मशीनमध्ये टाकला. त्यांना फोन केला तर रडायलाच लागल्या, "लई हुडकली ओ बाई, न्हाय घावली. मला वाटलं आईच कोपली." म्हटलं, आई कुठली कोपतेय, ती माझ्या मशीनमध्ये अडकली होती. मग बाई अशा हसल्या, अशा हसल्या! माळ मी नव्या दोऱ्यात ओवली आणि त्या ती परवाच घेऊन गेल्या.

आता भाऊजींचं. त्यांना कळवलं आहे, रविवारी जेवायला या, किल्ल्या मागायला येऊ नका. त्यांनी फोन आपटला. तो त्यांचा आहे, आपटू देत.

राहिलीस तू. गणपतीत आली होतीस तेव्हा जेवता जेवता तू ताटाचा फोटो काढून उत्कर्षरावांना पाठवलास. मला वाटलं, मोदकांचं कौतुक. मग गच्चीचा पाठवलास, मग माझ्याजवळ बसलेला स्वतःचा. फोन वाजला की घास ठेवून उठायचीस. आणि कधी नव्हे ते हळू बोलत होतीस, आपल्याच घरात. मी विचारलं तर 'सगळं ठीक आहे' म्हणालीस. पैलवानाला फरशी पुसायला लावणारी माझी पोरगी, आपण कुठं आहोत याचा पुरावा नवऱ्याला तासातासाला देते, याला मी ठीक म्हणणार नाही. जावयाला अहोजाहो करायची आपली रीत आहे, ती मी आजपासून मोडते. उत्कर्ष असं वागतो, हे चूक आहे.

म्हणून हे पत्र तुझ्या घरी न धाडता तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे. तू मला बोलावतेस ते माझी काळजी म्हणून नाही, तुला तिथं एकटं वाटतं म्हणून, हे मला कळलंय. पण जाई, मी तिथं आले तर एका घरात आपण दोघी अडकू आणि इथलं दार लावलेलं असेल. मग तू निघालीस तर जाशील कुठं? यासाठी मी किल्ल्या देत नाही आणि यासाठीच मी पुण्याला येत नाही. वरची खोली नवरात्रातसुद्धा कुणाला देणार नाही, कितीही गर्दी होऊ दे. कधीही ये. बॅग भरायला जमलं नाही तर तशीच ये, कारण सांगायलाच पाहिजे असं नाही. मागोमाग कुणी आलंच, तर आधी त्याला दारात माझ्याशी बोलावं लागेल.

तुझीच आणि तुझ्यासाठी कुणाशीही भांडायला तयार,
आई