बिनक्लचची मोटार

मंगळवार, ता. ९ नोव्हेंबर १९४८

आज मरता मरता वाचलो. लोणावळ्याच्या दवाखान्याचा माझा वार. ह्यांना दिवाळीची सुट्टी, म्हणून हेच चालवत होते. वलवणच्या चढावर इंजिन नुसतेच गर्जू लागले आणि गाडी जागच्या जागी! मग मागे सरकायला लागली. मागून दगडांनी भरलेला ट्रक. त्याने कसेबसे बाजूला घेतले. ट्रकवाला जे बोलला ते इथे लिहिण्यासारखे नाही.

ह्यांनी चाकाला दगड लावला. थोड्या वेळाने, काहीच झाले नसल्यासारखी, गाडी चढली.

बुधवार, १०

क्लच नाही, गिअर बदलायला नको, सगळे गाडी आपोआप करते — एवढ्यावर भाळून ह्यांनी ही अमेरिकन मोटार त्या लोणावळ्याच्या शेठजींकडून घेतली. शेठजींनी ती का विकली ते आता कळते आहे. इथे तळेगावात मिस्तरीने बॉनेट उघडले, पाहिले, बंद केले. म्हणाला, "साहेब, ह्याला हात लावायचा न्हाई मी."

मी म्हटले, मुंबईला पाठवू या. हे म्हणाले, "तिथवर जाणार कशी? घाटात उलटी गेली तर?"

मग म्हणे, दोष गिअरपेटीतल्या तेलाचा आहे. जळून गेले आहे. बदलायचे. घरी!

"तुम्ही कधी केले आहे?"

"पुस्तकात आहे सगळे."

शाळेत शास्त्र शिकवणे वेगळे आणि हे वेगळे. तेव्हाच बोलायला हवे होते.

शुक्रवार, १२

टांग्याने परंदवडीला. हौशीरामची बायको नंदाबाई, आठवा महिना. पाय सुजलेत, रक्तदाबही थोडा जास्त. मीठ कमी करा, ओझे उचलू नका म्हटले. सासू बयाबाई म्हणाल्या, "आमी काय कामाला जुपतोय व्हय तिला?" हौशीराम मात्र अदबीने हात जोडून उभा. "बाई, तुमी म्हनाल तसं." असा नवरा क्वचित.

नंदाबाई अक्षर बोलली नाही. लाजत असेल.

मंगळवार, १६

मुंबईहून तेलाचे डबे आले. इंजिनाच्या तेलापेक्षा पातळ, गोडसर वासाचे. ह्यांनी बोटावर घेऊन मला दाखवले — पहिल्या मुलाचे तोंड दाखवावे तसे!

सोमवार, २२ नोव्हेंबर

काल लिहिणे शक्यच नव्हते. आजही नखांतले काळे निघत नाही.

रविवार म्हणून ह्यांनी सकाळीच काम काढले. गाडी फिरवून गरम करून आणली — तेल गरम असतानाच सगळे निघते म्हणे. जॅकने उचलली, चारी बाजूंना लाकडी ठोकळे. हे खाली सरपटत गेले. मी दोनदा ठोकळे हलवून पाहिले.

बूच एकदम निसटले. हे ओरडले ते ऐकून मी स्वयंपाकघरातून धावले. उजवा हात मनगटापर्यंत लालभडक. काळे तेल घंगाळात पडत होते, आणि वास — करपलेल्या दुधासारखा. मी हात पाण्यात धरून ठेवला, मग पट्टी बांधली. तरी डाव्या हाताने चाललेच होते त्यांचे. पेटीखालची परात सोडवली, आतली जाळी धुतली. म्हणाले, "बघ, किती गाळ!" एवढ्यात परातीचे पॅकिंग फाटले.

तशात सोपान आला. हौशीरामचा शेजारी. सायकल अंगणातच टाकून दिली.

"बाई, चला! नंदावैनी हंडा घिऊन घसरल्या. रगात थांबंना."

"दुखते आहे का?"

"लय. पोट दगडावानी झालंय म्हंती बयामावशी."

म्हणजे वार आतल्या आत सुटली असणार. इथे माझ्या हाताने काही होणार नाही. पुणे, टेबल, रक्त, सर्जन. पुण्याची आगगाडी संध्याकाळशिवाय नाही. गावातली दुसरी मोटार मुंबईला गेलेली. आणि आमची ठोकळ्यांवर, पोट फाडल्यासारखी!

टांगा करून मी पुढे गेले असते तर? तिच्याजवळ बसले असते, हात धरला असता — आणि तिला मरताना पाहिले असते. इथे थांबावे तर ह्यांचा हात असा.

सोपानला म्हटले, "मागे जा. तिला कुशीवर निजवा, पायाखाली उशा द्या. पाणीसुद्धा देऊ नका. मी गाडी घेऊन येते."

"ही गाडी?" तो म्हणाला.

ह्यांनी तेवढ्यात शाळेच्या तक्त्याचा जाड पुठ्ठा काढला होता. परात त्यावर ठेवून मी पेन्सिल फिरवली, माझ्या शस्त्रक्रियेच्या कात्रीने कापले, भोके पाडली, नव्या तेलात बुडवले. मग पदर खोचून मी खाली गेले. लग्नानंतर इतकी वर्षे झाली, पण ह्यांचा आवाज इतका शांत कधी ऐकला नव्हता. "आधी सगळे बोल्ट नुसते बोटाने बसव. आता समोरासमोरचे आवळ. एका बाजूने नको. जोर नको, अरुंधती, पुठ्ठा दबेल." टाके घालताना मी नर्सला असेच सांगते. डोळ्यांत तेल ठिबकत होते. ठोकळा करकरला — मी श्वास धरून पडून राहिले. काही झाले नाही.

गाडी खाली घेतली. नरसाळे लावून तेल ओतले. इंजिन चालू. गिअरची दांडी पुढे टाकली.

काहीच नाही! इंजिन चालू, गाडी ढिम्म.

"अहो!"

"थांब. तेल आत चढू दे." पुन्हा ओतले. तेलाची पातळी मोजायची सळई काढून पाहिली, पुन्हा ओतले. ह्यांच्या कपाळावर घाम. मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला होता की काय सांगू! नंदाबाई तिकडे रिकामी होत होती.

दांडी पुन्हा टाकली. गाडीने एक हिसका दिला आणि निघाली.

ह्यांच्याने स्टिअरिंग धरवत नव्हते. मी शाळेच्या मैदानावर चार फेऱ्या मारल्या होत्या, एवढेच माझे शिक्षण. क्लच असता तर जमलेच नसते. हे शेजारी, उरलेला डबा मांडीवर. सोमाटण्यावरून परंदवडी गाठली.

नंदाबाई पांढरीफटक. नाडी दोऱ्यासारखी. मागच्या सीटवर निजवली, तिचे डोके हौशीरामच्या मांडीवर. पुण्यापर्यंत तो हुंदके देत होता. "माजी चूक झाली, देवा, माजी चूक झाली." मी म्हटले, "तुमची कसली चूक? घसरते माणूस. रडू नका, तिला बोलते ठेवा." ती बोलली नाही. डोळे उघडे होते, गाडीच्या टपाकडे.

देहूरोडच्या पुढे जळका वास आला. हे म्हणाले, "थांबू नकोस." थांबले नाही. हॉस्पिटलकडे जाणारा बंडगार्डनचा रस्ता दिसला तेव्हा मला कळले, मी ओठ चावून रक्त काढले होते.

मंगळवार, २३

नंदाबाई वाचली. मूल गेले. मुलगा होता.

हौशीराम भिंतीला डोके आपटत होता. दोघांनी धरून बसवले.

गुरुवार, २५

ह्यांचा हात बरा आहे, फोड आले आहेत, पण चिघळलेले नाहीत. पट्टी बदलताना हे म्हणाले, "तू होतीस म्हणून." मी म्हटले, तुम्ही होतात म्हणून. मग दोघेही उगाच हसलो. राग कुठे गेला कळले नाही.

गाडीखाली पाहिले. पुठ्ठ्यातून थेंब थेंब गळते आहे. मुंबईहून खरे पॅकिंग मागवले.

बुधवार, १ डिसेंबर

नवे पॅकिंग आज बसवले. मीच. वलवणच्या चढावर जाऊन आलो. लोण्यासारखी चढली!

रविवार, ५ डिसेंबर

नंदाबाईला पुण्याहून आणायला मी एकटीच गेले. बयाबाई ओवाळायला ताट करून ठेवणार होत्या, हौशीराम परंदवडीच्या फाट्यावर थांबणार होता.

देहूरोड मागे पडले. मग ती एकदम म्हणाली, "बाई, मी घसरले न्हवते. हंडा भरायलाच गेले न्हवते मी."

मी वेग कमी केला.

"लाथ मारली त्यांनी. पोटावर. पयल्यांदा न्हाई मारली." आणि मग, "फाटा आला, बाई. वळू नगा."

हौशीराम झाडाखाली उभा होता. गाडी पाहून त्याने हात जोडले.

मी वळले नाही.