लागलं, करपलं, जळलं

आई, गेल्या आठवड्यात तुझी नात सैन्यातून सुट्टीवर आली होती. मी बाल्कनीत कपडे वाळत घालत होते, गॅसवर भात होता. वास यायला आणि ती ओरडायला एकच गाठ पडली. "इमा, निसराफ!" आई, जळला म्हणे. मी पोचेपर्यंत अख्खं पातेलं कचऱ्यात रिकामं करून बाईसाहेब मोकळ्या. माझ्या तोंडून तुझाच आवाज निघाला, "अगो, जळला कुठं? लागलाय नुसता!" मग मी समजावत बसले, की बुडाला धरला तर लागला, वरचा भात चांगला असतो, वास सगळ्यात शिरला तर करपला, आणि जळलं ते हाती राहतच नाही. तिने हिब्रूत विचारलं, "शेवटी टाकायचंच ना?" आणि फोन घेऊन आत गेली. मला राग आला, पण त्या रागातलं एक अक्षर कळणारं घरात कोणी नव्हतं.

आपण देश सोडून इथे नवे आलो होतो तेव्हाचं आठवतं. अश्दोदच्या कारखान्याच्या कँटीनमध्ये हंड्याची वाफ तुझ्या हातावर येते, आणि मी शाळेतून थेट दवाखान्यात, तुझी दुभाषी. नर्सला मी हिब्रूत सांगते आणि तुला मराठीत कळवते, भाजलं म्हणाले. तू माझा दंड धरतेस. "तसं नको सांगू. विस्तवानं भाजतं, वाफेनं पोळतं. पोळलंय म्हन, बाई उगाच घाबरेल." तिच्या भाषेतला एकच शब्द मला येत होता, तोच पुन्हा सांगितला. मी नीट सांगितलं असं समजून तू मान हलवलीस.

शुक्रवारचा दिवा विझला असं तू कधी म्हणू दिलं नाहीस. शांत झाला म्हणायचं. तू गेलीस त्या दिवशी अश्केलोनच्या इस्पितळातून मी भावाला फोनवर तेवढंच म्हणाले, आई शांत झाली. त्याला कळलं. आता तोही नाही, आणि असं बोलायला मला दुसरं कोणी उरलेलं नाही.

हे पत्र कुठे टाकणार? पण एक सांगते. लेक परत गेली. आज एकटीपुरता भात ठेवला आणि आच मुद्दाम मोठी केली. वास आला तशी मोठ्याने म्हणाले, "आई, भात लागला गं." गॅस बंद केला नाही. तू ओरडशील म्हणून तशीच उभी राहिले. भात करपला.