पाणी शंभरलाच उकळतं

सर, शाळेच्या नव्या प्रयोगशाळेला तुमचं नाव द्यायचं ठरलंय. फोटो मोठा करून आणलाय, हाराची ऑर्डर गेलीय, आणि तुमची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी म्हणून फोटोखाली लावायच्या पाच ओळी लिहायचं काम मुख्याध्यापकांनी माझ्या गळ्यात घातलंय. मी याच शाळेत विज्ञान शिकवते, हे तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. मी बीएस्सीला असतानाच तुम्ही गेलात. खरं तर मी नाही म्हणायला हवं होतं. पण मग कारण विचारलं असतं, आणि मी कारण सांगायला बसले असते तर फीत कापायला कुणी उरलं नसतं. 'आदरणीय' लिहिते आणि खोडते, असं चाललंय. त्या ओळी बघू नंतर, आधी खरं काय ते लिहून टाकते. मला तुमच्याबद्दल आदर नाही. राग आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो शिळा होत नाही.

तेव्हा प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक कपाट आणि कपाटाची चावी तुमच्या खिशात. बहुतेक प्रयोग फळ्यावरच व्हायचे. "समजा, आता रंग गुलाबी झाला," असं तुम्ही म्हणायचात आणि आम्ही वहीत 'रंग गुलाबी झाला' असं लिहायचो. निष्कर्ष आधी उतरवायचा आणि निरीक्षणं त्याला जुळतील अशी मागाहून भरायची, ही आपल्या शाळांची जुनी रीत. ती काही तुम्ही काढली नाहीत. पण नववीतल्या त्या दिवशी कपाट खरंच उघडलंय. स्पिरिटच्या दिव्यावर चंचुपात्रात पाणी खळखळतंय आणि थर्मामीटर वाचायला तुम्ही मला पुढे बोलावलंय. मी वाकून बघते, पुन्हा बघते आणि सांगते, "सर, अठ्ठ्याण्णव." तुम्ही विचारता, "किती?" मी परत तेच सांगते. थर्मामीटरकडे ढुंकूनही न बघता तुम्ही म्हणता, "हे काय तुझ्या बापाच्या मिठागरातलं पाणी आहे, मनाला येईल तसं उकळायला? पाणी शंभरलाच उकळतं. लिही." वर्ग फिदीफिदी हसला. माझे वडील मिठागरात कामाला होते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तास संपेपर्यंत तुम्ही मला उभं ठेवलंत, आणि माझ्या अठ्ठ्याण्णववर लाल पेनने अशी काट मारलीत की पान फाटलं.

मी हुशार होते, आणि हुशार पोरं अपमानातून फार लवकर शिकतात. मी शिकले की बघायचं नसतं. पुढच्या प्रत्येक प्रयोगात मी पाऱ्याकडे, काट्याकडे, रंगाकडे नुसती बघितल्यासारखं करायची आणि पुस्तकातला आकडा लिहायची. तुम्ही खूश होतात. त्याच वर्षी कुठूनतरी त्या स्पर्धेची माहिती तुमच्या हाती लागली, पंधरा वर्षांखालच्या मुलांची, देशोदेशीचे संघ जिथे जातात ती. आपल्या देशातून सहाच मुलं निवडतात. लेखी परीक्षांच्या फेऱ्या मी एकामागून एक पार करत गेले, कारण लेखी परीक्षेत पाणी शंभरलाच उकळतं. शेवटच्या निवडीच्या शिबिराला माझं नाव लागलं तेव्हा तुम्ही मला गावभर मिरवलंत. ग्रामपंचायतीत नारळ, देवळात नारळ. "मी घडवली," असं तुम्ही ज्याला त्याला सांगत होतात. आईने मला नवे बूट घेतले. परदेशात थंडी असते म्हणून मावशीने स्वेटर विणायला घेतला. आमच्या आळीतलं कुणी तोवर विमानात बसलं नव्हतं.

मोरा बंदरातून लाँचने तुम्हीच मला मुंबईला घेऊन गेलात. तुम्ही घाटावरचे, लाँच जरा हलली की तुमचा चेहरा उतरायचा. मी तुम्हाला आवळासुपारी दिली, ती तुम्ही गुपचूप तोंडात टाकलीत, आणि तेवढा वेळ मला तुम्ही आवडलात. मग जरा सावरून म्हणालात, "तिथं फार डोकं चालवायचं नाही. पाठ आहे तेच लिहायचं." मी मान हलवली.

शिबिरातल्या प्रयोगाच्या परीक्षेत टेबलावर तीन चंचुपात्रं होती. तिन्हींतलं पाणी सारखंच दिसत होतं. प्रत्येक उकळा, तापमान लिहा आणि कशात काही मिसळलंय का ते सांगा, इतका सोपा प्रश्न. पहिलं उकळलं, मी शंभर लिहिले. दुसऱ्यातला पारा शंभर ओलांडून एकशे तीनच्याही वर गेला. मी तो बघितला, सर. काचेच्या कडेला पांढरी खर धरायला लागलेली बघितली. तशी खर मी जन्मल्यापासून बघत आलेय, वडिलांच्या पायांवर, आमच्या उंबऱ्यावर. माझा हात वहीवर होता आणि त्या हाताने शंभर लिहिले. तिसऱ्यालाही शंभर. परीक्षक बाई वही बघून माझ्याजवळ बसल्या. चांगल्या होत्या. त्यांनी विचारलं, "तू थर्मामीटर बघितलास ना? मग हे शंभर कुठून आले?" मी उभी राहून, वर्गात द्यायचे तशा खणखणीत आवाजात उत्तर दिलं, "पाणी शंभरलाच उकळतं."

सहात माझं नाव नव्हतं. घरी सगळं सांगितलं. वडील म्हणाले, "अगो, मिठाचा पानी व्हता. तुला कसा नाय कलला?" त्यात राग नव्हता. त्यांना खरंच कोडं पडलं होतं. मिठागरातल्या माणसाच्या मुलीला मीठ ओळखता येऊ नये, याचं उत्तर मी त्यांना कधीच देऊ शकले नाही. तुम्ही मात्र लगेच देऊन टाकलंत. शिक्षकांच्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून, "मुली ऐनवेळी घाबरतात हो." मी दाराबाहेर खडूचा डबा घेऊन उभी होते. मी घाबरले नव्हते, सर. मी आज्ञा पाळली होती. तुम्ही माझे डोळे काढून घेतलेत आणि वर मलाच आंधळी म्हणालात. तुम्ही गेलात तेव्हा शोकसभेत सगळे रडले. मी मागच्या बाकावर बसून चहा प्यायले आणि उठून आले.

आता या वर्षी माझ्या वर्गातली एक मुलगी त्याच शिबिराला निवडली गेलीय. बापाची करंजा बंदरात मासेमारीची होडी आहे, मुलगी जिभेने तिखट. मी तिच्यामागे हात धुऊन लागलेय. तिचं काही चुकलं तर चालेल, पण माझं जे झालं ते तिचं होता कामा नये, एवढंच माझ्या डोक्यात असतं. गेल्या आठवड्यात सरावात नवा थर्मामीटर फुटला म्हणून तिने कपाटाच्या तळातून जुना शोधून काढला. तोच, तुमच्या वेळचा. पाणी खळखळायला लागलं आणि ती म्हणाली, "मॅडम, नाइन्टी-एटच दाखवतोय."

मी किती वर्षं या क्षणाची वाट बघत होते, तुम्हाला काय सांगू! तुमचा फोटो तेव्हा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्याच्याकडे बघत, नाकावर टिच्चून मी म्हणाले, "जे दिसतं तेच लिही." आता पोरगी लिहील आणि माझा सूड पुरा होईल, असं मला वाटलं. तिने लिहिलं नाही. थर्मामीटर उजेडाकडे धरून म्हणाली, "पन मॅडम, यो बरोबर हाय कशावरून?"

दुसऱ्या दिवशी तिने होडीवरचा बर्फ डब्यात घालून आणला. मासळीचा वास येत होता. तो तिने तीनदा धुतला, कारण मीठ लागलेला बर्फ खोटं बोलतो, हे तिचं तिलाच सुचलं. वितळत्या बर्फात थर्मामीटर उभा केला आणि आम्ही दोघी वाकून बघत बसलो. शून्य यायला हवं होतं. पारा शून्याच्या खाली दोनवर जाऊन थांबला. काचेच्या आतली आकड्यांची पट्टी कधीचीच सरकलेली होती. "म्हंजे दोन मिळवायचे," असं म्हणून तिने त्याला चिकटपट्टी लावली, तिच्यावर 'अधिक दोन' लिहिलं आणि पुढच्या प्रयोगाला लागली. मी तिथेच बसून राहिले.

अठ्ठ्याण्णव अधिक दोन. तुम्हाला हे माहीत होतं का? असेल, तर एका वाक्याचं काम होतं, पोरी, हा थर्मामीटर दोन कमी दाखवतो. आणि नसेल, तर तुमची नुसती बोलाफुलाला गाठ पडली. दोन्हींतलं काहीही असलं तरी माझा राग कमी होत नाही. उलट वाढलाच आहे, कारण आता त्याला टेकायला पूर्वीइतकी भक्कम भिंत नाही. इतकी वर्षं मी मनात म्हणत आले की त्या दिवशी मी बरोबर होते आणि तुम्ही चूक. बर्फाचा डबा मला तेव्हा सुचला नाही, आणि नंतर कधीही सुचला नाही. पोरगी आपल्या दोघांच्याही पुढे गेली.

पाच ओळींची एकच ओळ करून दिली मी शेवटी. 'सरांनी मला शिकवलं की पाणी शंभर अंशांना उकळतं.' मुख्याध्यापकांना फार आवडली. साधी आहे, मनातून आलेली आहे, म्हणाले. कोरायला गेलीसुद्धा. मुलगी सोमवारी शिबिराला निघतेय, आणि तो थर्मामीटर तिने हट्टाने बरोबर घेतलाय.

माझ्या त्या फाटक्या पानावर खरं म्हणजे शंभरच हवे होते, सर. तुम्ही सांगितलेला आकडा बरोबर होता. हे मी शाळेत कुणाला सांगणार नाही, घरीही नाही. तुम्हाला सांगितलं, ते हा कागद कुठेच जाणार नाही म्हणून.