बेसनाच्या लाडवांची परतफेड

योकोहामा,
१२ नोव्हेंबर १९९५

ती. दादास,
सुरेखाचा सा. न. वि. वि. नमस्कार रागावून घातलेला आहे, हे आधीच ध्यानात घे.

तुझा लेक या घडीला माझ्या स्वयंपाकघरात गुडघ्यावर गोठवलेल्या मटारांची पिशवी ठेवून बसलाय. मटार उसळीसाठी आणले होते. दोन वर्षं अनुज इथल्या क्लबात बचावफळीत खेळतोय, दर मॅचआधी गुडघ्यात इंजेक्शन टोचून घेतोय, आणि तू लोकांना अजून 'मुलगा जपानात असतो' एवढंच सांगतोस. फुटबॉल खेळतो म्हणायला जीभ रेटत नाही का रे तुझी?

आता मुद्दा ऐक. तुमच्या अमेरिकेत वसंतात नवी लीग सुरू होतेय आणि तुझ्या घरापासून दोन तासांवरच्या संघाने अनुजला बोलावलंय. इथला करार जानेवारीत संपतो. पण क्लबने सोडचिठ्ठी दिल्याशिवाय त्याला दुसरीकडे खेळता येत नाही, आणि कोच ओकामुरा-सान ती देत नाहीत. नवरा परवडला! पोरगं पुरतं अडकलंय. तू बाप आहेस, तू त्यांना लिही.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, उत्तर आलं तर वाढेल.
तुझी,
सुरेखा

*

सिनसिनाटी,
२६ नोव्हेंबर १९९५

चि. सौ. सुरेखास,
अनेक आशीर्वाद. पत्र रागासकट पोचलं.

मी लिहिणार नाही. इंजिनिअरिंग सोडून खेळायला गेला तेव्हा त्याने मला विचारलं नव्हतं. आता त्याचं त्याने निस्तरावं.

पण गुडघ्याचं वाचल्यापासून तुझ्या वहिनीला जेवण जात नाहीये, म्हणून एक सुचवतो. मोठ्या माणसाने समक्ष जाऊन गोड बोललं की कामं होतात. मला हॉस्टेलातून काढणार होते तेव्हा आपले नाना पेढ्यांचा पुडा घेऊन रेक्टरांकडे गेले होते, विसरलीस? भांडायला जाऊ नकोस, ते तुला छान जमतं. तुझे बेसनाचे लाडू ने, वाकून नमस्कार कर आणि मग हळूच विषय काढ.

लक्ष्मीकांतरावांस नमस्कार. प्रकृतीला जप, तोंडाला आवर.
तुझा,
संजीव

*

योकोहामा,
२० डिसेंबर १९९५

ती. दादास,
सा. न. वि. वि. तू सांगितलंस, मी केलं आणि घात झाला.

ठेवणीतली साडी नेसून गेले. लाडवांचा डबा इथल्या रीतीप्रमाणे देखण्या कागदात गुंडाळला होता. ओकामुरा-सान उठून उभे राहिले, डबा दोन्ही हातांनी घेतला आणि माझ्याहून खाली वाकले. माझ्या मोडक्यातोडक्या जपानीत मी म्हटलं, अनुज घरात एकुलता एक, त्याच्यावर लक्ष असू द्या. त्यांचे डोळेच भरून आले. त्याला घरी पाठवा, हे म्हणायच्या आत चहा आला, फोटो झाला आणि मला दारापर्यंत पोचवूनही झालं.

आठवड्याने आमच्याकडे लाकडी पेटीतून खरबूज आलं, दोरीचं फूल बांधलेलं. त्याच दिवशी त्यांनी सगळ्या संघासमोर अनुजला कप्तान केलं आणि पुढच्या दोन वर्षांचा करार हातात दिला. यांच्या ऑफिसातल्या मोरियामा-सानांनी उलगडा केला. घरची वडीलधारी बाई भेट घेऊन येते आणि वाकते, म्हणजे आपल्या भाषेत, तिने पोर पदरात घातलं. ओकामुरा-सानांनी ते घेतलं आणि लगोलग परतफेडही केली. आता नाही म्हणणं म्हणजे चारचौघांत त्यांच्या तोंडाला काळं फासणं.

अनुजने सही केली. संध्याकाळी आला, उरलेले लाडू खाल्ले आणि म्हणाला, आत्या, तुझं काही चुकलं नाही. अरे, त्याने मला चार शिव्या दिल्या असत्या तर मी सुखाने झोपले असते! खरबूज तसंच पडलंय.

लोभ असो म्हणायचंही तोंड नाही.
तुझी,
सुरेखा

*

सिनसिनाटी,
७ जुलै १९९६

चि. सौ. सुरेखास,
अनेक आशीर्वाद. हे पत्र वहिनीपासून लपवून लिहितोय.

काल गाडीचे टायर बदलायला जातो असं सांगून त्या दोन तासांवरच्या संघाची मॅच बघून आलो. अनुजच्या जागेवर कोणी दुसराच पोरगा होता. शेजारच्या गृहस्थाने विचारलं, तुमचं कोणी खेळतं का? मी म्हटलं, माझा मुलगा, जपानात, कप्तान आहे. पहिल्यांदाच बोललो. मग बचाव म्हणजे काय ते त्यानेच मला समजावलं. समोरच्याला आपल्याला ओलांडून जाऊ द्यायचं नाही, एवढंच काम. जमलं तर कोणी नाव घेत नाही.

फोनवर अनुज 'ठीक आहे' याच्यापुढे जात नाही. गुडघ्याचं खरं काय ते तू लिही.

माया आहे तशीच ठेव.
तुझा,
संजीव

*

योकोहामा,
१५ डिसेंबर १९९६

ती. दादास,
सा. न. वि. वि. जुलैपासून तुला खरं लिहायचं टाळत होते. आज लिहिते.

बाहेरच्या डॉक्टरने सांगितलंय, अजून एक मोसम खेळला तर चाळिशीच्या आत हातात काठी. अनुज म्हणतो, कप्तानाने मध्येच कसं सोडायचं? ओकामुरा-सान म्हणतात, एकच वर्ष. आणि मी काय करत होते? ते पेटी पाठवायचे, मी लाडू पाठवायचे. मी लाडू पाठवले की त्यांची पुन्हा पेटी. दर डब्यागणिक पोराची गाठ मीच आवळत होते.

मंगळवारी वर्षअखेरची पेटी आली. हे म्हणाले, मुकाट्याने ठेवून घे, क्लबची कंपनी आमच्या बँकेचं मोठं गिऱ्हाईक आहे. मी ऐकलं नाही. पेटी न उघडता उचलली, ट्रेनने मैदानावर गेले आणि ओकामुरा-सानांच्या टेबलावर ठेवली. वाकले नाही. इथे याहून मोठा उद्धटपणा नाही म्हणे. त्यांनी पेटीकडे बघितलं, मग तेच वाकले. पदरात घातलेलं पोर मी परत मागितलंय, हे त्यांना न सांगता कळलं. शुक्रवारी सोडचिठ्ठी आली.

निरोपाची मॅच नाही, हार नाही. बूट पिशवीत घालून अनुज एकटाच फाटकातून बाहेर आला. यांची मुंबईची बदली ठरल्यात जमा होती, ती आता लांबणीवर पडलीय. हे माझ्याशी कामापुरतं बोलतात. पोरगा सुटला आणि मी अडकले. असू दे, मला त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे वाटतं, पण पुन्हा वेळ आली तरी मी हेच करीन.

तिकडच्या संघात आता जागा नाही, आणि गुडघाही खेळण्याजोगा उरलेला नाही. ऐन अठ्ठाविशीत तुझा लेक निवृत्त होऊन रविवारी घरी येतोय. जिना चढताना कठड्याला धरतो, तेव्हा दुसरीकडे बघ. आणि तुझी सवय मला माहीत आहे. विमानतळावर बॅग उचलून तू तरातरा पुढे सुटशील. सुटू नकोस. इतकी वर्षं त्याने कोणाला आपल्याला ओलांडून जाऊ दिलं नाही. तूही जाऊ नकोस, दादा. त्याच्या मागून चाल.

या खेपेचा सगळा लोभ त्यालाच दे. माझा वाटा राहू दे मागे.
तुझी,
सुरेखा