पोळी-भात सोडल्याचं कारण

राजेंद्र नगर, इंदूर

प्रिय नीरज,

परवा व्हिडिओ कॉलवर तू म्हणालास, आई, काय बारीक झालीयेस, थांब, मित्रांना दाखवतो. आणि खरंच फोन फिरवून तुझ्या रूमवरच्या त्या दोघा मुलांना मला दाखवलंस. मी हसले. कोणतं डाएट करतेस विचारलंस, तर मी म्हटलं, काही नाही रे, पोळी-भात कमी केला, साखर बंद केली. तेवढं खरं होतं. मग तू व्यायामाचे व्हिडिओ पाठवलेस आणि वर म्हणालास की पगार झाला की तुला पावलं मोजणारं घड्याळ घेतो. ते घेऊ नकोस. आधी हे पत्र एका जागी बसून वाच. ऑफिसात असशील तर घरी जाऊन वाच.

आपल्या घरात पोह्यांशिवाय दिवस उजाडत नव्हता, हे तुला काय सांगायचं. वर शेव, रविवारी जिलबी, दुपारी भात, संध्याकाळी दुकानातून येताना बाबांच्या हातात कचोरीचा पुडा. हे सगळं मी एका दिवसात बंद केलं. सकाळी पनीर परतून नाहीतर मुगाचं एक धिरडं, दुपारी वाडगाभर भाजी, दही, थोडं घट्ट वरण, संध्याकाळी पुन्हा भाजीच. दवाखान्यात शिवांगी म्हणून डाएटिशियन आहे, तुझ्याएवढीच असेल. तिनं मला दिवसभरात काय काय खाता ते विचारलं. सोमवारच्या उपवासाचं सांगितलं, साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, राजगिऱ्याचा लाडू, तेव्हा ती म्हणाली, “आंटी, उपवास के दिन तो आप सबसे ज़्यादा कार्बोहाइड्रेट खाती हैं.” लग्न झाल्यापासून मी सोमवार धरला होता, तुझ्या बाबांच्या तब्येतीसाठी. तो सोडला. देवापुढे उभी राहिले आणि म्हटलं, ज्यांच्यासाठी धरला त्यांच्यासाठीच सोडतेय, रागावू नकोस.

आता तू म्हणशील, तुझ्या डाएटचा आणि बाबांचा काय संबंध. सांगते. गेले काही महिने कॉलवर बाबा दिसत नाहीत. कधी दुकानात असतात, कधी अंघोळीला गेलेले असतात, असं मी तुला सांगत आलेय. ते दर वेळी समोरच्या खुर्चीत बसलेले असतात, नीरज. तुझा आवाज ऐकतात आणि मला खुणेनं सांगतात, हे विचार, ते विचार. कॅमेऱ्यासमोर येत नाहीत, कारण त्यांचे डोळे पिवळे झालेत. उन्हाळ्यात दुकानातल्या आरशात त्यांनी स्वतःच पाहिले होते. सगळ्या राजवाडा बाजाराला चष्मे देणारा माणूस, दुसऱ्याच्या डोळ्यातलं बारीकसारीक ओळखणारा, आणि मला म्हणाला, ट्यूबलाइटचा उजेड पडतोय. मग पाय सुजले, पोट फुगलं, तेव्हा कुठे दवाखान्यात आले. लिव्हर गेलंय. सिरॉसिस म्हणतात. ज्याला कळतं तो पहिल्यांदा हेच विचारतो, शामजी पीते थे क्या? ज्यांनी आयुष्यात कधी थेंब घेतला नाही त्यांना हे ऐकावं लागतं, म्हणून आम्ही कुणाला सांगायचंच सोडून दिलं. डॉक्टर म्हणाले की वर्षानुवर्षं शुगर, गोड, मैदा आणि दिवसभर एका जागी बसणं, यानंही चरबी साठून साठून लिव्हर कडक होतं. बदलण्याशिवाय इलाज नाही. मृत माणसाचं मिळावं म्हणून नाव नोंदवलंय, पण ते कधी मिळेल कोण सांगणार? नाहीतर घरातल्या कुणीतरी आपल्या लिव्हरचा तुकडा द्यायचा.

सुरुची आत्या धावत पुढे आली, पण तिला स्वतःलाच शुगर, तिला पहिल्याच दिवशी नाही म्हणाले. मग माझी तपासणी झाली. रक्तगट जुळला. मी इतकी खूश झाले की सुरुचीला तिथूनच फोन लावला. दोन दिवसांनी स्कॅनचा रिपोर्ट आला. माझ्याही लिव्हरमध्ये चरबी, आणि ती देण्याच्या मर्यादेच्या कितीतरी वर. एकाच ताटातलं दोघांनी खाल्लेलं, वेगळं काय निघणार होतं? डॉक्टर म्हणाले, आठ-नऊ किलो वजन उतरवा, पोळी, भात, गोड सगळं आवरा, दीड-दोन महिन्यांनी पुन्हा स्कॅन करू, चरबी उतरली तर तुमचं घेऊ. आणि मग फाईल मिटता मिटता सहज विचारल्यासारखं त्यांनी विचारलं, मुलगा आहे ना, त्याचा रक्तगट काय? मी तोंड उघडायच्या आत तुझे बाबा म्हणाले, “बेटे की बात यहाँ नहीं होगी.” तो आवाज मी पूर्वी कधी ऐकला नव्हता. ऑटोत बसल्यावर त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “मंजू, त्याला कळता कामा नये. त्याच्या अंगावर माझ्यासाठी सुरी चाललेली मला जगून बघायची नाही.” मी शब्द दिला.

तुझा रक्तगट त्यांचाच आहे, हे तुला माहीतच आहे.

म्हणून मी बारीक होत होते. फॅशन नाही, फिटनेस नाही. तुझ्यापर्यंत ही गोष्ट पोचायच्या आत मला स्वतःची चरबी उतरवायची होती. सुरुवातीला वजन भराभरा उतरलं, मग एका जागी अडकून बसलं. मी घाबरले. शिवांगीला न विचारता मी दुपारचं वरण बंद केलं, संध्याकाळचं जेवणही बंद केलं, नुसत्या ताकावर राहायला लागले. तिसऱ्या-चौथ्या दिवशी फिरायला गेले आणि कॉलनीच्या बागेपाशी चक्कर येऊन पडले. बायकांनी घरी आणलं. शिवांगी इतकी रागावली की तिचे डोळे भरून आले. म्हणाली, उपाशी राहून चरबी जात नाही आंटी, लिव्हर आणखी बिघडतं, तुम्ही दोघंही पलंगावर पडाल तर मी काय करू? तेव्हापासून ती सांगते तेवढं सगळं खाते. एकदा मात्र कुकर उघडला, बाबांसाठी लावलेल्या भाताचा वास आला, आणि मी ओट्याशी उभ्या उभ्या चार घास हातानंच खाल्ले. मागे वळून बघते तर तुझे बाबा दारात. त्यांनी लोणच्याची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली आणि आत गेले. त्यानंतर मी भाताला हात लावलेला नाही.

गेल्या आठवड्यात दुसरा स्कॅन झाला. वजन सांगितल्याप्रमाणे उतरलं. चरबीही बरीच उतरली. डॉक्टरांनी मनापासून शाबासकी दिली. पण अजून मर्यादेच्या वरच आहे. ते म्हणाले, अजून एक महिना द्या, नक्की होईल. एक महिना माझ्याजवळ आहे रे. त्यांच्याजवळ आहे का, ते कुणी सांगत नाही. शनिवारी सकाळी त्यांनी शर्ट उलटा घातला आणि दुकान उघडायला निघाले. दुकान बंद करून किती दिवस झाले! मी अडवलं तर मला आई म्हणाले, आपल्या आईला हाक मारतात तसं, आणि विचारलं, जेवायला काय केलंयस. लिव्हर काम करेनासं झालं की विष डोक्यात चढतं म्हणे. दाखल केलं, औषधं दिली, दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आले, मला ओळखलं, लाजले. डॉक्टरांनी मला एकटीला बाहेर बोलावलं आणि म्हणाले, “मंजुषाजी, अब मैं आपका इंतज़ार नहीं कर सकता. बेटे से बात कीजिए.”

दोन दिवस मी तुला सांगायचं टाळलं. परवा तू मित्रांना मला दाखवत होतास, तेव्हा हेच मला सांगायचं होतं. फोनवर सांगितलं असतं तर माझा आवाज ऐकून तू त्याच क्षणी हो म्हणाला असतास, आणि तसं हो मला नको. म्हणून लिहिलं. बाबांच्या शेजारच्या दुकानातले वासुदेवकाका उद्याच्या विमानानं पुण्याला येतायत, पाकीट तेच देतील. उत्तर मागू नका, असं मी त्यांना बजावलंय. माझी तपासणी झाली तेव्हा मला जे सांगितलं ते तुलाही कळायला हवं: पोटावर मोठी चीर घेतात, दोन-तीन महिने घरी बसावं लागतं, लिव्हर पुन्हा वाढतं, पण हजारात दोन-चार देणारे वाचत नाहीत. तुझी तपासणी होईल, तुला एकट्याला आत घेऊन विचारतील, आणि तू नाही म्हणालास तर ते आम्हाला कारण सांगत नाहीत, जुळलं नाही एवढंच सांगतात. मीही कधी विचारणार नाही. मी बाबांचा शब्द मोडलाय, त्याचं काय ते मी आणि ते बघून घेऊ. तू हो म्हणालास तर त्यांच्याशी भांडावं तुलाच लागेल, माझं ते ऐकत नाहीत. पण तुझं काहीही ठरो, नीरज, किंवा काहीच न ठरो, काकांबरोबर परत ये. आज ते माणसं ओळखतायत. आज दुपारी त्यांनी स्वतःहून तुझं नाव घेतलं.

तुझीच,
आई